गाजरगवत, एक सोसायटी आणि श्रमदानाची तारीख: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्याच्या बाहेरच्या पट्ट्यातली, जिथे आधी ऊस आणि भाजीपाला व्हायचा आणि आता टॉवर झालेत, तिथली एक मध्यम आकाराची सोसायटी. नाव देत नाही आणि माणसांचे काही तपशील मुद्दाम बदललेत. मधे बाग, मागच्या बाजूला सोसायटीच्या मालकीची पण कधीच डेव्हलप न झालेली ॲमेनिटी स्पेस, आणि तिच्या भिंतीपलीकडे बाहेरगावी राहणाऱ्या कुणाचा तरी मोकळा प्लॉट. या दोन्ही जागांवर पावसाळ्यात गुडघाभर आणि दिवाळीपर्यंत कमरेएवढं गाजरगवत. मी कॉलेजात बॉटनी शिकवते, आणि तिथे राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने "मॅडम, एकदा येऊन बघा ना, कमिटीवाले माझं ऐकत नाहीयेत" असं म्हटलं म्हणून मी या प्रकरणात आले.

गाजरगवत म्हणजेच काँग्रेस गवत, शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टरोफोरस. नावात गवत असलं तरी हे गवत नाही, हे सूर्यफूल, शेवंती, झेंडूच्या कुळातलं वर्षायू झाड, मूळचं मेक्सिकोच्या आखाताच्या आजूबाजूचं आणि दक्षिण अमेरिकेतलं. पुण्याशी त्याचं नातं जुनं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना ते १९५५ मध्ये पुण्यात दिसलं आणि १९५६ ला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी ते भारतासाठी नवीन म्हणून नोंदवलं, आणि देशभरातल्या त्याच्या फैलावाची गोष्ट साधारण तिथून सांगितली जाते. सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये एका काकांनी "अमेरिकेने पीएल-४८० च्या गव्हातून पाठवलेलं हे" असं ठासून सांगितलं. आयात धान्यातून आलं असणं शक्य आहे, नाही असं नाही, पण पीएल-४८० खाली, म्हणजे अमेरिकेच्या धान्य-मदतीच्या कायद्याखाली, भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा आणि झाड त्याच्या आधीच पुण्यात हजर, त्यामुळे त्या एका योजनेवर सगळं खापर फोडता येत नाही. काकांना हे फारसं पटलं नाही, असो.

अडचण काय होती

अडचणी खरं तर दोन होत्या आणि कमिटीला त्यातली एकच दिसत होती.

दिसत होती ती अशी, की आदल्या वर्षी पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर सगळ्यांनी मिळून श्रमदान केलं होतं. मुलं, आजी-आजोबा, ग्लोव्ह्ज घालून फोटो, मग वडापाव. ॲमेनिटी स्पेस दुपारपर्यंत साफ. उपटलेल्या झाडांचा ढीग मागच्या भिंतीला टेकवून ठेवला, "वाळलं की जाळू" म्हणून, आणि मग गणपती आले, नवरात्र आलं, ढीग तिथेच. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसानंतर त्या ढिगाच्या खाली आणि आजूबाजूला हिरवीगार सतरंजी अंथरल्यासारखी रोपं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मग भांडण, की मुळासकट नीट उपटलं नाही, मुलांनी नुसते शेंडे तोडले वगैरे.

दुसरी अडचण होती माळीकाकांची. काका पन्नाशीचे, सोसायटी झाली तेव्हापासून बाग बघतात, आणि हिरवळीच्या कडेला उगवलेलं गाजरगवत वर्षानुवर्षं नुसत्या हाताने उपटत आलेत. त्यांच्या पापण्या सुजायच्या, मानेची कातडी जाड आणि काळपट झालेली, कोपराच्या आतल्या बाजूला खाजवून खाजवून चरे. मेडिकलवाल्याकडून कुठली तरी ट्यूब आणून लावायची, आठ दिवस बरं वाटायचं, परत सुरू. सगळ्यांनी ते खताला आणि उन्हाला चिकटवून टाकलेलं. माझ्या विद्यार्थिनीच्या आईने त्यांना स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथे पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ कातडीला चिकटवून बघायची ॲलर्जीची चाचणी, झाली आणि गाजरगवताला रिॲक्शन आली.

हे समजून घ्यायला हवं कारण पुढचे निर्णय यावर अवलंबून होते. झाडाच्या खोडावर, पानांवर, फुलांवर बारीक लव असते आणि त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीला पुन्हा पुन्हा लागत राहिलं की काही लोकांचं शरीर त्याच्या विरोधात तयार होतं, आणि एकदा तसं झालं की नंतर थोडासा संपर्कही पुरतो. झाडाला हात लावायचीसुद्धा गरज नाही, वाळलेल्या झाडाचा भुगा हवेत उडून बसला तरी चालतो. म्हणून पापण्या, मान, कोपराच्या खळग्या, जिथे धूळ आणि घाम साचतो तिथे जास्त त्रास. नुसतं ऊन बाधलं तर पापण्या आणि कानामागची जागा बऱ्याचदा सुटते, इथे उलट तीच धरली होती. शेवंतीसारख्या त्याच कुळातल्या झाडांनाही अशा माणसाची कातडी उठू शकते, आणि काका दसऱ्याला शेवंतीचे हार करायचे, तो भाग वेगळाच.

त्यामुळे प्रश्न नुसता तण काढायचा नव्हता. कुणाच्या हाताने काढायचं हाही होता.

झाड कसं वागतं

मी कमिटीला क्लब हाउसमध्ये बसवून एक फूल फोडून दाखवलं. माझ्या मते तिथे त्या दिवशी झालेलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच.

आपण ज्याला फूल म्हणतो ते पांढरं, चार-पाच मिलिमीटरचं, पाच कोपरे असलेलं बटण, ते खरं एक फूल नाहीच. सूर्यफुलात असतो तसाच तो पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ, वनस्पतिशास्त्राच्या भाषेत स्तबक. कडेला पाच मादी फुलं, त्यांचेच ते पाच कोपरे दिसतात. मधली सगळी फुलं कामापुरती नर, ती परागकण सोडतात, बी धरत नाहीत. म्हणजे एका बटणात जास्तीत जास्त पाच बिया. पांढऱ्या कागदावर सुईने एक पिकलेलं बटण उकललं तर काळपट, दोनेक मिलिमीटरची, चपटी बी बाहेर येते आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक वाळकं नर फूल चिकटलेलं असतं, ते तिघं एकत्रच गळतात. ही वाळकी फुलं बीला वाऱ्यावर थोडं ढकलायला आणि पाण्यावर तरंगायला मदत करतात. सेक्रेटरी साहेबांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "पाचच? मग एवढं येतं कुठनं?" तर एका चांगल्या वाढलेल्या झाडावर अशी हजारो बटणं असतात. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरल्याच्या नोंदी आहेत.

आता वेळापत्रक. आपल्याकडे मेअखेरचा वळीव किंवा जूनचा पहिला पाऊस पडला की बी आठवड्याभरात उगवतं. मग काही आठवडे झाड जमिनीला चिकटून राहतं, गाजरासारखी चिरलेली पानं गोल पसरलेली, याला रोझेट म्हणतात. या काळात ते बसल्या बसल्या आजूबाजूच्यांना झाकून टाकतं आणि खाली सोटमूळ सोडतं. मग एकदम मधून दांडा उठतो, आणि उगवल्यापासून महिना ते दोन महिन्यांत फुलं. त्यानंतर मरेपर्यंत फुलतच राहतं, एकाच झाडावर खाली पिकलेली बटणं आणि वर कळ्या. शिवाय दिवस मोठा आहे की लहान याची त्याला पर्वा नाही. ओल मिळाली की उगवायचं आणि वाढलं की फुलायचं.

याचा अर्थ जूनच्या पहिल्या आठवड्यात उगवलेलं झाड पंधरा ऑगस्टला पांढरंशुभ्र फुललेलं असतं आणि त्यातली सगळ्यात जुनी बटणं बिया सोडायला लागलेली असतात. श्रमदानात ते उपटलं की झटकलं जातं, ओढत नेलं जातं, आणि ढिगात पडल्या पडल्या अर्धवट पिकलेल्या बियाही पुऱ्या होतात. म्हणजे मागच्या वर्षी सोसायटीने मुळं अर्धी ठेवली म्हणून ते परत आलं नाही, मुळं व्यवस्थितच निघाली होती. त्यांनी पूर्ण ॲमेनिटी स्पेसमध्ये बी पेरलं आणि उरलेलं भिंतीपाशी साठवून ठेवलं. आणि मातीत गाडलं गेलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एका वर्षाची चूक एका वर्षात निस्तरत नाही.

जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत जागृती सप्ताह पाळतं, आणि त्यांच्या सल्ल्यात फुलायच्या आधी उपटा हे असतंच. उत्तरेत पाऊस उशिरा पोचतो तिथे तेव्हा बरीचशी झाडं लहान असू शकतात. पण पुण्याच्या आजूबाजूला ऑगस्टचा मध्य म्हणजे पहिल्या पिढीसाठी गाडी सुटून गेलेली असते. सुट्टी असते, माणसं घरी असतात, म्हणून तारीख पंधरा ऑगस्ट ठरते. झाडाला त्याच्याशी काय देणंघेणं.

पर्याय आणि त्यावरची वादावादी

मीटिंग फेब्रुवारीत होती, म्हणजे विचार करायला वेळ होता, हे नशीबच.

पहिला पर्याय अर्थातच ब्रश कटर, कारण तो स्टोअरमध्ये आधीच होता. यावर माझा ठाम नकार. जमिनीपासून दोन बोटं वर कापलेलं गाजरगवत मरत नाही, बुडातून बाजूच्या फांद्या फुटतात आणि त्या बुटक्या फांद्या लगेच फुलतात, पुढच्या कापणीत ब्लेडच्या खाली राहतात. शिवाय कटर ओल्या झाडाचा बारीक फवारा करून चालवणाऱ्याच्या तोंडावर उडवतो. पार्थेनिनची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या हातात ते मशीन देणं म्हणजे विचारायलाच नको.

तणनाशकाचा आग्रह दोघा-तिघांनी धरला. ग्लायफोसेट फवारलं की रोझेट मरते हे खरं, पण त्याच्यासोबत बाकीची सगळी हिरवळही मरते आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर पुढच्या पावसाला सगळ्यात आधी येतं ते गाजरगवतच. मेट्रिब्युझिन किंवा टू-फोर-डी वापरून गवत वाचवता येतं, शेतीत लोक वापरतात. इथे ॲमेनिटी स्पेसच्या कोपऱ्यात बोअर आहे आणि मुलं तिथे क्रिकेट खेळतात, म्हणून बहुमताने नको ठरलं. मला विचाराल तर मोठ्या पडीक जमिनीवर, माणसं नसतील तिथे, मी सरसकट नाही म्हणणार नाही. इथे गरज नव्हती एवढंच.

मिठाच्या पाण्याचा उपाय यूट्यूबवरून आला. पंधरा-वीस टक्क्यांचं द्रावण फवारलं की पानं जळतात, हे जुनं आहे आणि काम करतं, पण त्याला मीठ किती लागतं याचा हिशोब मांडला आणि ते सगळं आपल्याच मातीत जाणार हे लक्षात आलं तेव्हा सुचवणाऱ्यानेच मागे घेतलं. एका आजोबांनी सगळीकडे पेव्हर ब्लॉक घालून टाका म्हटलं. पेव्हरच्या फटीतलं गाजरगवत मी त्यांना त्यांच्याच पार्किंगमध्ये दाखवलं.

मग भुंगे. झायगोग्रामा बायकलरॅटा, मेक्सिकन भुंगा, १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगलोरला आणला आणि चाचण्यांनंतर १९८४ पासून सोडायला सुरुवात झाली. सहाएक मिलिमीटरचा, दुधाळ रंगाच्या पाठीवर तपकिरी उभ्या रेघा. पानांमागे पिवळसर अंडी घालतो, अळ्या आणि भुंगे दोन्ही पानं खातात, अळी मातीत जाऊन कोष करते. हिवाळा-उन्हाळ्यात भुंगा जमिनीत झोपतो आणि पावसाला बाहेर येतो. आपल्याकडे तो आता बऱ्याच ठिकाणी वसलेला आहे, जुलैत रस्त्याकडेला बघितलं तर सापडतो.

यावर टेरेस गार्डनवाल्या एका ताईंनी हरकत घेतली, "माझी सूर्यफुलं खाल्ली तर?" प्रश्न चुकीचा नव्हता. १९९० च्या सुमारास कर्नाटकात हा भुंगा सूर्यफुलाच्या पानांवर दिसला होता आणि त्यावरून मोठा गदारोळ होऊन भुंगे सोडणं काही काळ अडलं होतं. तपासात समोर आलेलं कारण मजेशीर आहे, की शेजारच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते आणि त्यामुळे भुंगा तिथे चरत होता, सूर्यफुलावर त्याची वंशवेल काही चालत नाही. ताईंचं समाधान अर्धंच झालं. त्यांनी कुंड्या बाल्कनीत हलवल्या, मी काही बोलले नाही.

शेवटचा पर्याय टाकळा, विदर्भात तरोटा म्हणतात तो. पावसाळ्यात आपोआप येतो, घट्ट दाट वाढतो आणि गाजरगवताच्या रोपांना ऊन मिळू देत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेंगा वाळल्या की बी गोळा करायचं आणि एप्रिल-मेमध्ये फेकायचं, एवढंच काम. वर कोवळ्या पानांची भाजी होते. हा पर्याय सांगितला तेव्हा मीटिंगमध्ये पहिल्यांदा कुणी तरी हसलं, कारण कोकणातल्या दोन कुटुंबांना "आम्ही इथे विकत आणतो हो टाकळा" हे सांगायचं होतं.

निर्णयाच्या जागा

पहिला निर्णय तारखेचा. पंधरा ऑगस्टचं श्रमदान रद्द करायचं म्हटल्यावर नाराजी झाली, कारण तो कार्यक्रम तणापेक्षा एकत्र येण्याचा होता. मार्ग असा काढला की पंधरा ऑगस्टला झाडं लावणं आणि वडापाव तसंच ठेवायचं, आणि उपटणं मात्र पहिल्या चांगल्या पावसानंतर तिसऱ्या आठवड्यात सुरू करून दर पंधरा दिवसांनी ऑगस्टपर्यंत. तारीख कॅलेंडरवर आधी छापायची नाही, पाऊस बघून ठरवायची. हे लोकांना पटवायला सगळ्यात जड गेलं. प्रत्येकाला "रविवार अमुक तारीख" असंच हवं होतं.

दुसरा निर्णय कोण उपटणार. इथे कमिटीचा सहज कल असा, की हाउसकीपिंगच्या मावश्यांना दोन दिवस जास्तीचे पैसे देऊन सांगू. म्हणजे एका माणसाची कातडी गेली हे कळल्यावर ते काम दुसऱ्या, आणखी कमी बोलू शकणाऱ्या बायकांकडे सरकवायचं, तेही बहुधा नुसत्या हातानेच. माझ्या विद्यार्थिनीने हे सरळ बोलून दाखवलं आणि मीटिंग थोडी तापली. शेवटी ठरलं ते असं: रहिवाशांनीच करायचं, कोपरापर्यंत रबरी ग्लोव्ह्ज, पूर्ण बाह्या, मास्क, पाऊस पडून गेल्यावर माती ओली असताना, आणि आधीपासून खाज, दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असलेल्यांनी यायचं नाही. मावश्यांपैकी ज्यांना यायचं त्यांना तेच साहित्य आणि वेगळी मजुरी. काकांना मागच्या भागात जूनपासून पाठवायचंच नाही, त्यांच्याकडे नर्सरी आणि कुंड्यांचं काम.

तिसरा निर्णय मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटला. भुंगे आणि उपटणं ही दोन्ही कामं एकाच जागी केली तर एकमेकांना मारतात. भुंग्याला खायला गाजरगवत लागतं, आपण ते उपटून टाकलं तर त्याची अंडी-अळ्याही आपणच ढिगात टाकतो. म्हणून जागा वाटून घेतली. भिंतीच्या आतली जागा माणसांची, भिंतीपलीकडचा प्लॉट भुंग्यांचा. प्लॉटच्या मालकाला फोन लागत नव्हता, आत जाऊन उपटायची परवानगी नव्हती, पण भुंगा काही परवानगी विचारत नाही. जूनअखेरीपासून कॉलेजच्या मुलांनी जवळच्या रस्त्याकडेचे भुंगे झाकणाला भोकं पाडलेल्या बरण्यांत गोळा केले, सोबत खायला थोडा पाला, आणि संध्याकाळी भिंतीवरून पलीकडच्या झाडांवर सोडले. सल्ला साधारण पाचशे ते हजार भुंगे एका जागी सोडा असा असतो, आमचे तेवढे झाले की नाही सांगता येत नाही, मुलं मोजायला कंटाळली.

चौथा निर्णय उपटलेल्याचं काय करायचं. फुलाआधीची रोझेट सोसायटीच्या कंपोस्टमध्ये सरळ टाकायची, त्यात काही वाईट नाही. उलट नाडेप टाक्यात, म्हणजे भोकं ठेवून विटांनी बांधलेल्या कंपोस्टच्या टाक्यात, ही झाडं टाकून चांगलं खत करणारे शेतकरी आहेत. पण एकही पांढरं बटण दिसलं तर ते झाड वेगळ्या काळ्या पिशवीत, तोंड बांधून, गच्चीवर उन्हात. शंका असेल तर पिशवीतच. हा नियम मुलांनी मोठ्यांपेक्षा कडक पाळला.

काय झालं

मे महिन्यात टाकळ्याचं बी फेकलं, विद्यार्थिनीच्या गावाहून दोन पोती आली होती. जूनचा पाऊस वेळेवर आला. पहिल्या फेरीला फार कुणी आलं नाही, कारण जमिनीवर बघायला तसं काही नव्हतंच, "एवढ्याशा रोपांसाठी कशाला" असं लोकांना वाटलं. जे आले त्यांनी खुरप्याने रोझेट सोटमुळासकट उचलल्या, ओल्या मातीत त्या लोण्यातून निघाव्यात तशा निघत होत्या. एक गोंधळ झाला, बागेकडेच्या झेंडू आणि कॉसमॉसची रोपंही उपटली गेली, लहानपणी चिरलेल्या पानांची ती लांबून सारखीच दिसतात. मग मी ओळखायची खूण सांगितली: गाजरगवताचं पान फिकट, राखाडी झाक असलेलं आणि बारीक लवेमुळे मऊसर दिसतं, आणि झेंडूचं पान चुरगाळलं तर झेंडूचाच वास येतो. अर्थात चुरगाळून बघायचं तर ग्लोव्ह्ज घालूनच.

ऑगस्टमध्ये ॲमेनिटी स्पेसमध्ये फुललेलं गाजरगवत शोधावं लागत होतं. जिथे टाकळा दाट झाला तिथे जवळजवळ नाहीच, पण खडकाळ मुरमाच्या पट्ट्यावर टाकळा नीट आलाच नाही आणि तिथे पुन्हा पुन्हा उपटावं लागलं. मोकळ्या झालेल्या काही जागांवर एकदांडी आणि गवतं आली. एकदांडीही त्याच कुळातली आणि तीही बाहेरूनच आलेली, पण तिचा कुणाला त्रास नव्हता, राहू दिली.

पलीकडच्या प्लॉटची गोष्ट मिश्र. जुलैभर काहीच होत नाही असं वाटत होतं आणि ग्रुपवर "मॅडमचे भुंगे सुट्टीवर गेलेत का" असे मेसेज आले. ऑगस्टअखेर ते एकदम वाढले, आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भिंतीलगतच्या झाडांची पानं चाळणी झालेली, खोडं नुसती काड्यांसारखी उभी. पण तोवर त्या झाडांनी बऱ्यापैकी फुलून घेतलं होतं. भुंग्याची संख्या झाडांच्या मागोमाग वाढते, पहिल्या पिढीच्या आधी नाही. बी कमी झालं असणार, थांबलं नाही. ऑक्टोबरनंतर भुंगे मातीत गेले आणि प्लॉटमधल्या फुटक्या ड्रेनेज लाइनच्या ओलीवर डिसेंबरात गाजरगवताची नवी पिढी आरामात वाढली, खाणारं कुणीच नाही.

जानेवारीत आणखी एक झालं. पार्किंगची लेव्हल करायला कॉन्ट्रॅक्टरने दोन डंपर मुरूम आणला. टँकरच्या गळतीची ओल होती तिथे त्या मुरमावर पंधरवड्यात गाजरगवताच्या रोझेट दिसायला लागल्या, बरोबर मुरूम टाकलाय तेवढ्याच आकारात. आमच्या बाजूचं बी नव्हतं ते, विकत घेतलेलं होतं.

काकांचा त्रास पावसाळ्यात पुष्कळ कमी झाला, पापण्या उतरल्या. डिसेंबर-जानेवारीत पलीकडचं वाळलेलं गाजरगवत वाऱ्यावर उडायला लागलं तसा मानेचा त्रास परत आला, आधीएवढा नाही पण आला. डॉक्टरांनी औषध बदललं आणि शेवंतीपासूनही लांब राहायला सांगितलंय. काका म्हणाले, "मॅडम, हारांचे पैसे गेले ना पण." त्याला कमिटीकडे काही उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

डॉक्टर खूप आधी गाठायला हवे होते. मान काळी पडेपर्यंत एक माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं खाजवत होता. माळी, रस्ता सफाईवाले, शेतमजूर यांच्या पापण्या आणि मानेवर असं दिसलं तर गाजरगवताचा विचार पहिल्यांदा यायला हवा, निदान पुण्यात तरी, जिथल्या रुग्णांवरून १९७० च्या दशकातच यावर लिहिलं गेलंय.

प्लॉटच्या मालकाला शोधायचं काम पावसाळ्यानंतर सुरू झालं, ते उन्हाळ्यात व्हायला हवं होतं. परवानगी मिळाली असती तर भिंतीलगतचा दहा-पंधरा फुटांचा पट्टा जूनमध्ये हाताने साफ करता आला असता आणि भुंग्यांसाठी बाकीचा प्लॉट ठेवता आला असता. आतला-बाहेरचा असा वाटा आम्ही विचार करून केला असं वर लिहिलंय, पण खरं तर निम्मा तो मजबुरीने झाला होता.

टाकळा मुरमाड जागी चालत नाही हे आधी थोड्या जागेवर बघता आलं असतं. तिथे आता झेंडू दाट लावून बघायचं चाललंय, काही ठिकाणी लोकांनी तसं केलंय. फक्त ती लागवड काकांच्या हातून नको, झेंडूही त्याच कुळातला.

हिवाळ्याची फेरी ठेवलीच नव्हती. पावसाळा संपला म्हणजे काम संपलं असं सगळ्यांनी धरलं, आणि ओलीच्या जागा, म्हणजे ड्रेनेज, टँकर भरायची जागा, ठिबकच्या नळ्या, या डिसेंबरात कुणी बघितल्या नाहीत. हे झाड पावसाळी नाही, ओलीचं आहे. आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा फक्त या चार-पाच जागांवर चक्कर मारायची असं ठरलंय, तासाभराचं काम आहे.

आणि मुरूम. कॉन्ट्रॅक्टरच्या वर्क ऑर्डरमध्ये आता एक ओळ घातली आहे, की मुरूम कुठून उचलणार ती जागा सोसायटीचा माणूस आधी बघून येईल आणि तिथे गाजरगवत असेल तर वरचा थर घेणार नाही. कॉन्ट्रॅक्टर ती ओळ वाचून हसला, पण सही केली. पुढचं मुरमाचं काम एप्रिलमध्ये आहे, बघायला सेक्रेटरी साहेब स्वतः जाणार आहेत, भिंग मागून घेतलंय माझ्याकडून.